बावीस हजारांची येझदी रोडकिंग घ्यावी का? (सोलापूर)

जुळे सोलापूरकर:

सर्वांना नमस्कार. मोहोळ तालुक्यातील एका वस्तीवर येझदी रोडकिंग ही जुनी मोटारसायकल विकायची आहे असे एका परिचिताकडून कळल्यावरून मी ती पाहून आलो, आणि होकार कळवण्यापूर्वी येथील जाणकारांचे मत घ्यावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गाडीची नोंदणी १९९१ची, आपल्याच एमएच-१३ मालिकेतील आहे. मूळ मालक काही वर्षांपूर्वी वारले. त्यांचे दोन मुलगे शेती पाहतात, आणि त्यांपैकी धाकट्याने २२,००० रुपये किंमत सांगितली आहे. गाडी गोठ्याच्या पडवीत कडब्याच्या पेंढ्यांआड उभी असून ती शेवटची कधी चालली, हे दोघांनाही नेमके सांगता आले नाही. दोन्ही सायलेन्सर जागेवर आहेत, पण डावा खालून गंजून फुटला आहे. टाकीचे झाकण मोठ्या कष्टाने उघडले आणि आतून जुन्या व्हार्निशसारखा उग्र वास आला. किक खाली जात नाही. मागचे चाक मात्र मोकळे फिरते. हेडलाइट दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा आहे, स्पीडोमीटर नाही, आणि दोन्ही बाजूंच्या डब्यांपैकी एकाचे झाकण गायब आहे. फ्रेमवर कोणी तरी काळा ऑइलपेंट ब्रशने इतका जाड फासला आहे की चेसिस नंबर वाचता येत नाही.

कागदपत्रांत हाताने लिहिलेले जुने आरसी पुस्तक आहे. त्याची मुदत २००६ मध्ये संपली असून ती पुढे वाढवलेली नाही. विमा अर्थातच नाही.

मला ही गाडी रोजच्या कामासाठी नको आहे. सुटीच्या दिवशी सकाळी अक्कलकोट किंवा नळदुर्गपर्यंत जाऊन ऊन चढण्याआधी परत यावे, एवढीच अपेक्षा आहे. पान्याचे किरकोळ काम मला येते, म्हणजे केबल बदलणे, कार्बोरेटर साफ करणे, ब्रेक लायनर बसवणे इतपत. इंजिन मात्र कधी उघडलेले नाही. गाडीच्या किमतीसह सर्व मिळून ६०,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. या रकमेत हे जमेल का, आणि सुरुवात कोठून करावी?

कागदी घोडा:

इंजिनाबद्दल इतर मंडळी सांगतीलच, मी कागदांपुरते लिहितो, कारण तुमच्या वर्णनातील खरी अडचण मला तेथे दिसते. जाम झालेले इंजिन सुटते, फुटलेला सायलेन्सर मिळतो. परंतु ज्या गाडीची नोंद आरटीओ कार्यालयात सापडत नाही, ती गाडी कितीही सुंदर रंगवली तरी रस्त्यावर आणता येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मालक हयात नाहीत. अशा वेळी मुलाने नमुना २९ आणि ३० वर, म्हणजे विक्रीनंतर मालकी बदलण्याच्या अर्जांवर, सही करून दिली तरी ती सही चालत नाही, कारण तो अद्याप कागदोपत्री मालकच नाही. वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना ३१ असतो. त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि उरलेल्या वारसांचे संमतीपत्र किंवा प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. नियमाप्रमाणे हा अर्ज गाडी ताब्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. खेड्यापाड्यांत तो कोणी करत नाही, म्हणून उशिराचा दंड गृहीत धरा. तुम्ही दोन मुलगे म्हटले आहे. त्यांच्या आई आहेत का, बहिणी आहेत का, हे विचारून घ्या. किंमत धाकट्याने सांगितली आहे, तर थोरल्याचे मत काय आहे, हेही चहा घेताना सहज काढून घ्या. जुन्या गाडीला कोणी तरी विचारतो आहे असे दिसले की घरातल्या सर्वांना ती एकाएकी प्रिय वाटू लागते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट नूतनीकरणाची. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नमुना २५ भरून ती वाढवावी लागते. वीस वर्षांवरील दुचाकीसाठी हे शुल्क २०२५ पासून २,००० रुपये झाले आहे. शिवाय इतक्या वर्षांच्या विलंबाचे शुल्क आणि महाराष्ट्रातील पर्यावरण कर हे वेगळे; त्यांचे चालू आकडे कार्यालयातूनच घ्या, एजंटाच्या तोंडून नव्हे. नूतनीकरणाच्या वेळी चालू विमा आणि पीयूसी लागते. १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा २०२२च्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला १,३६६ रुपये अधिक कर इतका आहे. पीयूसीला घाबरू नका. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत मुभा आहे. बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) आणि कार्बोरेटर नीट असलेली टू-स्ट्रोक त्यात बसते. उच्च सुरक्षा नंबरपाटीही लागेल. तिचे दुचाकीसाठी ४५० रुपये अधिक जीएसटी असे दर आहेत.

आता यातली मेख. नूतनीकरणासाठी गाडी निरीक्षकासमोर चालत्या स्थितीत उभी करावी लागते. म्हणजे गाडी तुमच्या नावावर होण्याआधी, कदाचित वारसांच्याही नावावर पक्की होण्याआधी, तिच्यावर दुरुस्तीचा पैसा घालण्याची वेळ तुमच्यावर येणार आहे. बहुतेक लोक येथेच अडकतात: इंजिन बांधून होते, रंग होतो, आणि मग वारसांपैकी कोणी सहीला येत नाही. म्हणून पैसे देण्याचा क्रम कागदांच्या क्रमाला बांधून घ्या. आधी कार्यालयाच्या नोंदवहीचा उतारा काढा, ज्याला तेथे बी एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर, मालकाचे नाव, कर भरल्याची नोंद आणि कर्जाचा बोजा असल्यास तोही दिसतो. बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी नमुना ३५ लागेल. हाताने लिहिलेल्या पुस्तकांच्या कित्येक गाड्या अजून 'वाहन' या सरकारी संगणक प्रणालीत चढलेल्या नाहीत; तुमची गाडी ॲपवर दिसली नाही तर लगेच ती बनावट ठरत नाही, पण मग बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून, घेण्याचे एक काम वाढते. उतारा जुळला की इसार द्या, इसार पावतीवर सर्व वारसांच्या सह्या घ्या, आणि उरलेली रक्कम नमुना ३१ची पोचपावती हातात आल्यावर द्या.

शेवटी एक सूचना: ही गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवून घ्या, असे तुम्हाला कोणी तरी नक्की सुचवील. ऐकू नका. जुलै २०२१च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली असावी लागतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळाली तरी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. १९९१च्या गाडीला यातले काहीच लागू होत नाही, आणि नळदुर्गला फिरायला जायचे असेल तर ते तुमच्या सोयीचेही नाही.

निळा धूर:

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आता लोखंडाकडे वळू.

सर्वप्रथम, त्या किकवर उभे राहून जोर लावू नका आणि विकणाऱ्यालाही लावू देऊ नका. या गाडीत किक आणि गिअरचा दांडा एकच आहे. तो वर उचलून फिरवला की किक आणि परत बसवला की गिअर, अशी ती रचना. त्यामुळे किक खाली जात नाही याचा अर्थ पिस्टन चिकटला आहे असाच होत नाही; किकचा दातेरी भाग किंवा तिची स्प्रिंग अडकली असण्याचीही तितकीच शक्यता असते. पुन्हा जाल तेव्हा प्लग काढा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकण्याचा प्रयत्न करा आणि मागचे चाक हाताने हळू पुढेमागे हलवा. प्लगच्या भोकात बॅटरी धरली तर पिस्टनचा माथा दिसतो. तो चाकाबरोबर थोडाही हलत असेल, तर तुमचे निम्मे काम झाले. हलत नसेल, तर मालकाच्या परवानगीने त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मे-निम्मे करून पेलाभर ओता आणि काही दिवस तसेच मुरू द्या. गंजलेली रिंग तेलाने सुटते. जोराने ती मोडते, आणि मोडलेली रिंग सिलिंडरवर असा ओरखडा पाडते की एरवी वाचला असता असा बोअरही जातो.

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने रोडकिंग १९७८ ते १९९६ या काळात बनवली आणि १९९६ मध्ये कारखानाच बंद पडला. इंजिन २४८.५ सीसीचे, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. सिलिंडर बिडाचा असल्याने तो पुन्हा पुन्हा बोअर करता येतो, साधारण पाव मिलिमीटरच्या टप्प्याने. तुमच्या गाडीला आजवर किती वेळा बोअर झाला आहे, ते हेड उघडल्यावर पिस्टनच्या माथ्यावर कोरलेल्या आकड्यावरून बहुतेक वेळा कळते. तो शेवटच्या मापावर आला असेल, तर सिलिंडरला नवा स्लीव्ह बसवण्याचा खर्च धरावा लागेल, आणि किंमत कमी करून मागायला ते एक योग्य कारण होईल.

बोअरपेक्षा मला क्रँकची काळजी अधिक वाटते. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि तेथे दाबले जाऊन वर जाते, त्यामुळे क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील हवाबंद असणे ही चैनीची बाब नाही. इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीत ती रबराची सील वाळून दगडासारखी झालेली असतात. उजवीकडचे, म्हणजे डायनॅमोच्या बाजूचे सील गळू लागले तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते (म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन तापून चिकटतो. डावीकडचे, क्लचच्या बाजूचे सील गळले तर गिअरचे तेल आत ओढले जाते. मग सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात, तेलाची पातळी आपोआप उतरत जाते आणि मिस्त्री मात्र कार्बोरेटरच फिरवत बसतो. म्हणून इंजिन चालू झाले या आनंदात सील बदलण्याचे काम पुढे ढकलू नका. हे सील बदलायला इंजिन खोलावेच लागते, आणि ते खोलले की क्रँकच्या बेअरिंगही त्याच वेळी बदलून घ्याव्यात.

कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून पाहा. सरळ वर-खाली थोडाही खेळ जाणवला, तर बिग एंड, म्हणजे रॉडचे क्रँककडचे बेअरिंग, गेलेले आहे. बाजूला किंचित सरकणे चालते. हा क्रँक दाबून जोडलेला असतो, त्यामुळे त्याला प्रेस लागतो, आणि जोडल्यावर तो दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावून सरळ करावा लागतो. हातोड्याने ठोकून 'बसवून देतो' म्हणणाऱ्या माणसाकडून आपला क्रँक उचलून सरळ बाहेर पडावे. आपल्या सोलापुरात या बाबतीत एक सोय आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरात यंत्रमागाचे सुटे भाग घडवणारे लेथवाले आहेत. त्यांचा हात मापाला पक्का असतो. त्यांना मोटारसायकलीचे ज्ञान असण्याची गरज नाही, तुम्ही माप आणि नमुना नीट द्या. स्विंग आर्मचे बुश, ब्रेकच्या कॅमचे बुश, तुटलेल्या स्टडचे आटे, ही सगळी कामे तेथे होतात. बोअरसाठी मात्र नवा पिस्टन आधी विकत घ्या आणि तो सोबत देऊन, त्याच्याच मापाने बोअर करायला सांगा. आधी बोअर आणि मग पिस्टन, असा उलटा क्रम कधीही नको.

सुटे भाग पुण्यात नाना पेठेत पाहा. न मिळाल्यास बेंगळुरू-म्हैसूरकडून कुरिअरने मागवता येतात. दुकानात नुसते 'येझदीचा भाग' असे न म्हणता 'जुन्या टू-स्ट्रोक रोडकिंगचा' असे म्हणा. २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आलेल्या येझदी ३३४ सीसीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्या आहेत आणि त्यांचा एक बोल्टही तुमच्या कामाचा नाही.

बार्शी लाइट:

मी थोडे विरोधी मत मांडतो, राग नसावा.

प्रश्नकर्त्याने इंजिन कधी उघडलेले नाही आणि एकूण ६०,००० रुपये ठरवले आहेत. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या तर माझ्या मते ही गाडी त्यांच्यासाठी नाही. बिघडलेल्या भागापेक्षा हरवलेला भाग महाग पडतो, हा जुन्या गाड्यांचा हिशेब आहे. स्पीडोमीटर नाही, हेडलाइट दुसऱ्याचा, डब्याचे झाकण नाही, सायलेन्सर फुटलेला. हे चार मूळ भाग जमवायला बसा, म्हणजे २२,००० ही किंमत स्वस्त नव्हती हे लक्षात येईल. नकली भाग मिळतात, पण त्यांची भोके जुळत नाहीत, पत्रा पातळ असतो आणि क्रोम दोन पावसाळ्यांत सोलते. बंद पडलेली परंतु पुरी असलेली रोडकिंग कोणी ४०,००० ला देत असेल, तर ती या गाडीपेक्षा स्वस्त आहे.

दुसरे असे की, जुनी गाडी म्हटले की सर्वांचा ओढा येझदी, बुलेट आणि आरएक्स १०० कडेच का असतो, हे मला समजत नाही. आरएक्स १००ची तर १९८५ ते १९९६ची कोणतीही गाडी आज सोन्याच्या भावाने सांगतात. पहिलीच गाडी दुरुस्त करायची असेल तर १९८५ मध्ये आलेली हिरो होंडा सीडी १०० घ्या. सुटे भाग सहज मिळतात, पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याची कटकट नाही, आणि चूक झाली तरी ती स्वस्तात निस्तरते. टू-स्ट्रोकचाच हट्ट असेल तर राजदूत १७५ पाहा. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने बनवलेली ती तीन गिअरची गाडी दिसायला साधी आहे, म्हणून अजून तिच्या किमती भडकलेल्या नाहीत. दूधवाल्यांनी वर्षानुवर्षे कॅन लादून ती चालवली, यातच तिच्या मजबुतीचे प्रमाणपत्र आले.

आणि सोलापुरात आणखी एक मोह असतो, तोही टाळा. विजयपूर आणि कलबुर्गीकडच्या केए-२८, केए-३२ पाटीच्या जुन्या गाड्या सीमेपलीकडून स्वस्त मिळतात. तिकडचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आणि इकडचा कर भरल्याशिवाय ती गाडी इथली होत नाही. तुमची निदान एमएच-१३ आहे, एवढे तिच्या बाजूने मान्य करतो.

जुळे सोलापूरकर:

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे पुन्हा जाऊन आलो. जाताना पेंट रिमूव्हर, पितळी ब्रश, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल नेली होती.

आधी चांगली बातमी. प्लग निघाला, आणि चौथ्या गिअरमध्ये चाक हलवल्यावर पिस्टनचा माथा थोडासा वर-खाली झाला. पूर्ण फेरी मात्र होत नाही, कोठे तरी थांबतो. थोरल्या बंधूंनी स्वतःच डिझेल आणून दिले, ते तेलात मिसळून ओतून ठेवले आहे. दोन्ही बंधू विक्रीला तयार आहेत, आई आहेत आणि एक बहीण पंढरपूरला दिली आहे.

आता अडचण. रंग काढल्यावर चेसिस नंबर दिसला, त्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासून ठसा घेतला. पुस्तकातील नंबराशी बाकी सर्व अंक जुळतात, परंतु पुस्तकात जेथे ३ लिहिला आहे तेथे फ्रेमवर ८ आहे. पुस्तकातील शाई फिकट झाली असल्याने तो ३च आहे की अर्धवट पुसलेला ८, हेही खात्रीने सांगता येत नाही. इंजिन नंबर तंतोतंत जुळतो. अशा स्थितीत पुढे जावे का?

बार्शी लाइट साहेब, तुमचे म्हणणे पटण्यासारखे आहे, पण सीडी १०० आमच्या घरी अनेक वर्षे होती आणि तिच्याविषयी आदरापलीकडे काही वाटत नाही. म्हणून सध्या तरी रोडकिंगचाच विचार चालू ठेवतो.

कागदी घोडा:

ठसा घेतलात हे उत्तम केले. तो कागद जपून ठेवा, तारीख घाला आणि त्या नंबराचा जवळून एक फोटोही काढून ठेवा.

तीन आणि आठ यांचा घोळ हाताने लिहिलेल्या पुस्तकांत नवा नाही. परंतु निर्णय पुस्तकावरून नव्हे, उताऱ्यावरून होईल. नोंदवहीत ८ असेल तर पुस्तकातील लेखनदोष दुरुस्त करून घेता येतो. त्यासाठी अर्ज, तुमचा हा ठसा आणि निरीक्षकाची प्रत्यक्ष तपासणी पुरेशी व्हावी. नोंदवहीतही ३च असेल, तर मात्र फ्रेमकडे संशयाने पाहावे लागेल. कारखान्यात ठोकलेल्या अंकांची खोली सारखी असते, ते एका ओळीत असतात आणि त्यांच्या भोवतीचा पत्रा मूळच्या जाडीचा असतो. नंबर घासून पुन्हा ठोकलेला असेल तर तेथे बोटाला किंचित खोलगट लागते, तिरपा प्रकाश टाकल्यावर ग्राइंडरच्या रेघा दिसतात, आणि एखादा अंक इतरांपेक्षा खोल किंवा वाकडा असतो. तुमच्या ठशात तो ८ बाकीच्या अंकांसारखाच उमटला आहे का, एवढे भिंगाने पाहा. इंजिन नंबर जुळतो, ही गोष्ट आश्वासक आहे. तरीही उतारा येईपर्यंत इसारसुद्धा देऊ नका. उताऱ्यात ३ आला आणि फ्रेमवर खाडाखोड दिसली, तर गाडी फुकट दिली तरी घेऊ नका, कारण ती फ्रेम कोणाच्या गाडीची आहे याचे उत्तर पुढे तुम्हाला द्यावे लागेल.

आई आणि बहीण या दोघींच्याही सह्या संमतीपत्रावर लागतील. चौघांनाही एकाच दिवशी मोहोळला किंवा सोलापूरला बोलवा, वेगवेगळ्या दिवशी नको.

निळा धूर:

पिस्टन हलला, म्हणजे सिलिंडर वाचण्याची आशा आहे. तेल मुरू द्या आणि कोणी हौसेने किक मारू नये म्हणून प्लग काढूनच ठेवा. भोकात स्वच्छ फडके कोंबून वर पिशवी बांधा, नाहीतर कडब्याचा भुसा आत जाईल.

पेट्रोलबद्दल वर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो, कारण जुन्या टू-स्ट्रोकला आज तोच मोठा धोका आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, आणि त्यातले बरेचसे आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून निघते. १९९१ची गाडी बनवणाऱ्याने त्याचा विचार केलेला नव्हता. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणजे कार्बोरेटरच्या जुन्याच जेटमधून (इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) तेवढेच इंधन गेले, तर इंजिनाच्या दृष्टीने ते मिश्रण पातळ होते. फोर-स्ट्रोकमध्ये एवढ्याने थोडी ताकद कमी होते. टू-स्ट्रोकमध्ये वंगणही त्याच पेट्रोलमधून येत असल्याने उष्णतेचा प्रश्न गंभीर होतो. मेन जेट एका मापाने मोठा घालून सुरुवात करा, थोडे अंतर भर वेगाने चालवून इंजिन एकदम बंद करा आणि प्लगचा रंग पाहा. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तपकिरी हवा. पांढुरका दिसला तर आणखी एक माप वाढवा.

येथे अनेकजण मिश्रण पातळ होऊ नये म्हणून तेल वाढवतात, आणि त्याचा परिणाम उलटा होतो. जेटमधून जाणारा द्रव तेवढाच असतो. त्यात तेल जास्त म्हणजे पेट्रोल कमी, आणि हवेच्या मानाने मिश्रण आणखी पातळ. नवा बोअर बसेपर्यंत लिटरमागे ४० मिलि आणि नंतर चांगल्या प्रतीचे टू-टी (टू-स्ट्रोकसाठीचे) तेल ३० मिलि, एवढे माझ्या मते पुरते. मोजून घाला, अंदाजाने नको.

इथेनॉल पाणी ओढून घेते, ही त्याची दुसरी खोड. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली तर टाकीत पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसू शकते. पेट्रोलच्या कॉकमधून आधी तेच येते, आणि टू-टी तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहिलेले असते. म्हणजे सुरुवातीचे काही मिनिटे इंजिन जवळजवळ वंगणाविना फिरते. तुमची गाडी सुटीपुरतीच चालणार असल्याने हे ध्यानात ठेवा: टाकीत थोडेच पेट्रोल ठेवा, परत आल्यावर कॉक बंद करून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या, आणि लांबणीवर उभी करायची असेल तर टाकी रिकामी करून आतून तेलाचा हात फिरवा. कॉकमधले जुने बुचाचे किंवा रबराचे वायसर आणि पेट्रोलची नळी पहिल्याच दिवशी बदला, इथेनॉलने ती फुगून चिकट होतात. टाकीतला गंज काढायला व्हिनेगर भरून ठेवून नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतलेले चांगले. खडी घालून हलवण्याची पद्धत जुन्या टाकीच्या पातळ झालेल्या पत्र्याला मारक असते.

वायरिंगचे थोडक्यात: जुन्या गाठी मारत बसू नका, पूर्ण नवीन हार्नेस टाका. ठिणगीची वेळ ठरवणारे सीबी पॉईंट असतील तर ते घासून ०.४ मिलिमीटर फट ठेवा, आणि ठिणगीचे टायमिंग कानाने न लावता प्लगच्या भोकातून पिस्टनचे अंतर मोजून लावायला सांगा.

खर्चाविषयी माझा अंदाज असा की, इंजिन, चाके, ब्रेक, वायरिंग आणि कागद एवढे केले तर ६०,००० मध्ये गाडी धावू लागेल, मात्र त्यात रंग, क्रोम आणि मूळ स्पीडोमीटर बसणार नाही. बार्शी लाइट यांचा हरवलेल्या भागांचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणून २२,००० न देता १६,००० पासून बोलणी सुरू करा आणि हरवलेल्या भागांची यादी बंधूंसमोर कागदावर ठेवा. गोठ्यात, माळ्यावर, जुन्या पेटाऱ्यात शोधायलाही सांगा; झाकण आणि स्पीडोमीटर बहुधा कोठे तरी तेथेच पडलेले असतात.

सौदा ठरला तर गाडी छोट्या हत्तीत घालून आणा, ओढत आणू नका. नोंदणी संपलेली, विमा नसलेली गाडी दोरीने ओढतानाही रस्त्यावरच असते.

जुळे सोलापूरकर:

उताऱ्यासाठी सोमवारी अर्ज देतो. ठसा भिंगाखाली पाहिला. तो ८ इतर अंकांइतकाच खोल आणि त्याच ओळीत आहे, पत्र्यावर घासल्याच्या खुणा नाहीत. थोरल्या बंधूंना फोन करून झाकणाचे विचारले, तेव्हा ते म्हणाले की विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला गेली कित्येक वर्षे तेच झाकण लावलेले आहे आणि त्याच्या बदल्यात मी दुसरा पत्रा आणून दिला तर ते काढून देतील. उतारा हाती आला की त्यातील नंबर येथे कळवतो.